दुसरा गट कोणता?

घरातला पहिला पदवीधर मी. पण त्याआधीच, शाळकरी वयात, वस्तीला वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले होते. एकदा मी ‘दोन गटांत दंगल’ असे वाचले. आजोबांनी विचारले, “दुसरा गट कोणता रे?” आज महाविद्यालयात मराठी शिकवताना तो प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

दंगल हा आखाड्यातला शब्द. तेथे दोन मल्ल समोरासमोर येतात, दोघांच्याही अंगाला माती लागते. हल्ला मात्र एक करतो, दुसरा सोसतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याला ‘दंगल’ म्हटले की जाळणारा आणि जळणारा एकाच आखाड्यात उभे राहतात.

याच लढ्यातली दुसरी जोडी नामांतर आणि नामविस्तार. नामांतरात नाव बदलते. नामविस्तारात जुने नाव कायम ठेवून नवे जोडले जाते. मागणी नामांतराची होती. १४ जानेवारी १९९४ रोजी मिळाला तो नामविस्तार. आपणही बोलताना या दोहोंची गल्लत करतो आणि झालेली तडजोड आपल्याच तोंडाने झाकतो.

तिसरी गल्लत संशयित, आरोपी आणि दोषी यांची. पोलिसांना संशय येतो, तो संशयित. ज्याच्यावर आरोप ठेवला जातो, तो आरोपी. न्यायालय ठरवते, तो दोषी. आपल्या वस्तीतला पोरगा पकडला गेला की बातमीत तो लगेच ‘गुन्हेगार’ होतो, तेव्हा आपण संतापतो. तो संताप रास्तच आहे. पण आपल्यावरील अत्याचारातील आरोपीला निकालाआधी दोषी लिहिताना आपणही तेच करतो.

मग प्रत्येक चुकीला पक्षपात म्हणावे काय? नाही. घाईतली चूक कधी या बाजूला पडते, कधी त्या. पक्षपाताची चूक वर्षानुवर्षे एकाच बाजूला पडते. म्हणून आरोप करण्याआधी कात्रणे जपली पाहिजेत, तारखा लिहून ठेवल्या पाहिजेत, शब्द मोजले पाहिजेत. नुसत्या संतापाला संपादक उत्तर देत नाही. वर्षभराच्या कात्रणांपुढे त्याला गप्प बसणे अवघड जाते.

आजोबांना अक्षर येत नव्हते. तरीही बातमीतला खोटा शब्द त्यांनी नेमका पकडला होता. अक्षर आलेल्या आपल्याला तो पकडता येऊ नये काय?