भुशाची शेगडी : तिचे रुसवे आणि तिची निगा

घरांतील माणूस खोकूं लागलें म्हणजे आपण डॉक्टरांकडे धांव घेतों. शेगडी धुमसूं लागली म्हणजे मात्र पदरानें डोळे पुसून काम पुढें रेटतों. वस्तुतः या दोन दुखण्यांचा संबंध पुष्कळ वेळां अगदीं निकटचा असतो. आमच्या घरीं ही गोष्ट कळावयास एक सबंध पावसाळा जावा लागला, आणि तिची किंमत आमच्या काकूंस भरावी लागली. म्हणूनच हा विषय वाचकभगिनींपुढें, आणि त्यांच्याहीपेक्षां वाचकबंधूंपुढें, मांडावा असें आम्हांस वाटलें.

आमचें घर तारापूरच्या बाजूस, समुद्रापासून फारसें लांब नाहीं. रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो. परंतु बारा माणसांच्या कुटुंबास पहांटेपासून लागणारें आंघोळीचें पाणी, मुंजीचा किंवा श्राद्धाचा मोठा स्वयंपाक, उन्हाळ्यांतील कुरडयांचा चीक, हीं कामें अजूनही मागील पडवींतील भुशाच्या शेगडीवरच होतात. १९६९ सालीं देशांतील पहिलें व्यापारी अणुवीजकेंद्र याच तारापुरास सुरू झालें, बोईसरभोंवतीं कारखान्यांची वसाहत वाढली, १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतकें सर्व पालटलें तरी आमची शेगडी जागची हलली नाहीं. त्यांत संकोच वाटण्याजोगें कांहीं आहे असें आम्ही मानीत नाहीं. कारण तिचें जळण आमच्या दारींच निपजतें. हा मुलूख भाताचा. वाड्याच्या कोलम तांदळास तर २०२१ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. शंभर किलो भात गिरणींत घातलें म्हणजे सुमारें वीस किलो तूस निघतें, आणि लाकडाच्या वखारींत भुशाचे ढीग पडलेले असतात. जें एरव्हीं टाकून द्यावयाचें, त्यावर घरचें पाणी तापतें.

अमेरिकेंतील मका पिकविणाऱ्या प्रांतांत चक्क मक्याचे दाणे जाळून घर ऊबदार ठेवणाऱ्या शेगड्या आहेत. वरच्या पेटींत मका ओतावा, विजेवर फिरणाऱ्या मळसूत्रानें तो थोडथोडा आगीच्या भांड्यांत पडावा, आणि पंख्यानें त्यास वारा मिळावा, अशी त्यांची रचना असते. कडाक्याच्या थंडींत अशी शेगडी दिवसाकाठीं पंचवीस किलोच्या आसपास मका खाते. अन्नाचा कणही पायदळीं पडूं नये असें ज्या घरांत शिकविलें जातें, तेथें ही कल्पना कशी रुचावी? आपल्याकडील रीत अधिक शहाणपणाची आहे : दाणा माणसाच्या मुखीं, आणि त्याचें टरफल अग्नीच्या मुखीं. तथापि त्या यंत्रशेगडीचे आजार पाहिले तर आपणांस आश्चर्य वाटेल. मक्यांत शेंकडा पंधराहून अधिक ओल असली कीं ती नीट पेटत नाहीं. राख वितळून तिचे खडे बनतात, ते रोजच्या रोज काढले नाहींत तर वाऱ्याची वाट बंद होते. आणि ते कमी व्हावेत म्हणून तेथील लोक मक्यांत कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मिसळतात. म्हणजे शेगडी हजारों रुपयांची असो कीं तेलाच्या रिकाम्या डब्याची, तिच्या मागण्या तीनच : कोरडें जळण, मोकळा वारा आणि राखेची सफाई.

आतां आपल्या शेगडीकडे वळूं. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा घ्यावा. तळाशीं एका बाजूस दोन इंच व्यासाचें भोंक पाडून त्यांतून तेवढ्याच जाडीचा एक लाकडी दांडा आडवा सरकवावा. दुसरा दांडा डब्याच्या बरोबर मध्यें उभा धरून आडव्या दांड्यास टेकवावा. मग लाकडाच्या भुशांत थोडें तूस मिसळून तें चार-चार बोटांच्या थरांनीं, प्रत्येक थर मुठीनें किंवा बत्त्यानें ठोकून भरावें. नुसतें तूस भरूं नये. तें एकमेकांस धरून राहात नाहीं. वर दोन-तीन बोटें जागा मोकळी ठेवावी. शेवटीं दोन्ही दांडे हलकेच गोल फिरवीत काढून घ्यावे. आंत जो काटकोनी बोगदा तयार होतो, तोच या शेगडीचा श्वासमार्ग. खालच्या भोंकांतून दोन काटक्या पेटवून सारल्या कीं बोगद्याची भिंत पेट घेते, आणि नीट ठोकलेली शेगडी पुन्हां जळण न घालतां तीन-चार तास चालते.

ती रुसते केव्हां, तें आतां क्रमानें सांगतों.

पेटतांनाच भरमसाट पांढरा धूर येऊं लागला तर भुसा ओला आहे असें समजावें. धूर म्हणजे न जळलेलें जळणच होय. अग्नीची शक्ति ओल उडविण्यांत खर्च होते आणि जळणाचा वायु पेट न घेतांच बाहेर पडतो. आमच्या किनाऱ्यावर ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत हवाच इतकी दमट असते कीं भिंतीशीं ठेवलेलें पोतें पावसाचा थेंब न पडतांही ओलावतें. भुसा मुठींत दाबून मूठ उघडावी; गोळा तसाच राहिला तर तो शेगडीयोग्य नाहीं. चैत्र-वैशाखांतील उन्हांत वाळविलेला भुसा झांकणाच्या पिंपांत भरून, पिंप विटांवर ठेवावें. चार महिन्यांची बेगमी अशीच करावी.

पेटून मध्येंच विझली तर बोगदा ढांसळला असावा. भरणें सैल झालें, किंवा दांडा वांकडा उपसला गेला, कीं असें होतें. अशा वेळीं काठीनें डिंवचण्याचा मोह अनावर होतो, पण त्यानें उरलेली भिंतही कोसळते. शेगडी उघड्यावर निववून पुन्हां भरणें हाच एक उपाय.

ज्योत तांबडी होऊन हंड्याच्या बुडास काजळी धरूं लागली तर वारा कमी पडतो आहे. खालचें भोंक राखेनें बुजलें असेल तर तें मोकळें करावें. पुष्कळ घरीं हंडा डब्याच्या कांठावर सपाट बसवितात; मग आंतील वायूनें बाहेर यावें कोठून? कांठावर लोखंडाचे तीन तुकडे ठेवून हंडा बोटभर उंच बसवावा.

याच्या उलट, ती एकाएकीं भडकून तासाभरांत संपली, तर भरणें सैल तरी आहे, अथवा तोंड समुद्राच्या वाऱ्याकडे तरी आहे. तोंड फिरवावें, आणि भोंकापुढें वीट सरकवून वारा कमीअधिक करावा. ही वीटच या शेगडीची चावी.

राहतां राहिलें पत्र्याचें आयुष्य. खारा वारा लोखंडाचा शत्रु आहेच, त्यांत ओली राख भर घालते. काम आटोपून शेगडी पूर्ण निवाली कीं ती रिकामी करावी व कोरड्या जागीं पालथी ठेवावी. आंतून माती, शेण व तूस यांचा बोटभर जाड लेप दिला तर पत्रा जपला जातो आणि उष्णताही बाहेर कमी जाते. लेपास भेगा पडतील तशा त्या बुजवाव्या. राख लोखंडी बादलींत झांकून एक दिवस ठेवल्यावांचून टाकूं नये, आणि पेंढ्याजवळ तर मुळींच नेऊं नये. तुसाच्या राखेच्या पोटांत निखारा फार वेळ जिवंत राहतो.

येथें एक स्थानिक इशारा देणें अवश्य आहे. औद्योगिक वसाहतींच्या आसपास भंगारांत जुनीं पिंपें स्वस्त मिळतात. ज्यांत रसायनें भरलेलीं होतीं तीं पिंपें शेगडीसाठीं कधींही घेऊं नयेत. कापतांना व तापतांना त्यांतून काय बाहेर पडेल याचा नेम नसतो. तसेंच प्लायवूडचा किंवा रंगविलेल्या लाकडाचा भुसा जाळूं नये. त्यांतील सरस व रंग यांचा धूर साध्या धुरापेक्षां अधिक विषारी असतो.

आणि सर्वांत मोठा इशारा हा कीं जळती शेगडी बंद न्हाणीघरांत किंवा निजण्याच्या खोलींत नेऊं नये. धूर दिसत नाहीं म्हणून धोका नाहीं असें नव्हे. अपुऱ्या वाऱ्यांत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें दुखणें, मळमळणें, गुंगी येणें हीं त्याचीं लक्षणें होत. अशा माणसास तत्काळ उघड्या हवेंत आणावें व विनाविलंब रुग्णालयांत न्यावें.

आतां काकूंविषयीं. गेलीं तीस वर्षें पहांटे शेगडी पेटविण्याचें काम त्यांचें. एके वर्षीं आषाढांत त्यांस खोकला लागला. कोणी हवेस दोष दिला, कोणी वयास. काढे झाले, औषधें झालीं. श्रावण संपतां संपतां डॉक्टरांनीं विचारलें, ‘‘सकाळीं काय जाळतां? आणि बसतां कोठें?’’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हां पुरुषांपैकीं कोणासच धड देतां आलें नाहीं. दुसऱ्याचें तर नाहींच. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही स्वतः काकूंच्या पाटावर जाऊन बसलों. पडवीच्या कोंपऱ्यांत, पावसाच्या झडीसाठीं लावलेल्या ताडपत्रीच्या आड, ओल्या भुशाचा धूर सरळ तोंडावर येत होता. आम्हांस तेथें पाव तास बसवेना. काकू तेथें दीड-दीड तास बसत, आणि त्यांनीं कधीं तक्रार केली नव्हती. किंवा केली असेल, तर ती आमच्यापैकीं कोणाच्या कानांत शिरली नव्हती.

उपाय अवघा दोन दिवसांचा होता. भुसा पिंपांत गेला, शेगडी पडवीच्या उघड्या टोकास आली, ताडपत्री वर सरकली, आणि डब्यास नवा लेप बसला. धूर पुष्कळच कमी झाला. काकूंचा खोकला मात्र पूर्ण गेला नाहीं. पावसाळी हवेंत तो अजून डोकें वर काढतो. आमची हळहळ ती हीच. घरांतील चुली-शेगड्यांच्या धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें बत्तीस लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढा मोठा आंकडा वाचून मन बधिर होतें. परंतु पहांटेच्या शांततेंत शेजारच्या खोलींतून येणारा एक खोकला तसें होऊं देत नाहीं.

आतां आमच्या घरीं कामें वांटलेलीं आहेत. शेगडी भरणें व रिकामी करणें हें घरांतील पुरुषांकडे. भुसा वाळविणें मुलांकडे, उन्हाळ्याच्या सुटींत. आणि पहांटे पेटविणें ज्याची पाळी असेल त्याकडे. काकूंची पाळी नाहीं. तरी त्या उठतातच, दूर तुळशीपाशीं उभ्या राहून पाहतात, आणि कोणी भुसा सैल भरलेला असला तर त्यांच्या तें तेथूनही ध्यानांत येतें.

सुज्ञ वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. आपल्या घरीं शेगडी, चूल किंवा बंब जें काय असेल, त्यापुढें उद्यां पहांटे पाव तास स्वतः बसून पाहावें. त्याचा रोग कोठें आहे हें मग कोणास विचारावें लागणार नाहीं.