जर्मनीचं सिम चारकोपच्या वाय-फायवर

मुंबईतल्या चारकोपचा पत्ता सांगताना इमारतीचं नाव शेवटी येतं. आधी सेक्टर, मग आर.एस.सी. रोड, मग प्लॉट नंबर. याला इतिहास आहे. जागतिक बँकेच्या साहाय्यानं १९८५पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडानं इथे घरं नाही, प्लॉट दिले. आधी जमीन आखली, रस्ते काढले, पाण्याची नि मलनिस्सारणाची लाइन टाकली. घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे मागाहून उभं केलं. आज एखाद्या प्लॉटवर तीन मजले दिसतात, शेजारी अजून बैठं घर असतं. प्लॉटचा नंबर मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे.

ई-सिम समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरते. प्लॉट आधी, घर नंतर.

पुष्कळांना वाटतं, ई-सिम म्हणजे सिमच नाही, सगळं हवेत. तसं नाही. जेमतेम ६ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर रुंद अशी एक चिप कारखान्यातच टॅबच्या बोर्डावर कायमची बसवलेली असते. तिला स्वतःचा ३२ आकडी क्रमांक असतो, ईआयडी. तो कधी बदलत नाही. या चिपवर कुठल्या मोबाइल कंपनीचं प्रोफाइल उभं राहील हे कारखान्यात ठरत नाही. ते इंटरनेटवरून नंतर उतरतं. आज भारतातलं, उद्या जर्मनीचं, दोन्ही एकाच चिपवर.

पहिलं सिम कार्ड १९९१ साली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्‍हरिएंट या कंपनीनं बनवलं आणि पहिली ३०० कार्डं फिनलंडच्या रेडिओलिंजा कंपनीनं घेतली. ते कार्ड एटीएम कार्डाएवढं होतं. पुढे ते २५ बाय १५ मिलिमीटरचं झालं, मग मायक्रो आलं, मग १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो. आकार घटत गेला तो प्लॅस्टिकचा. आतली चिप पहिल्यापासून लहानच होती. कार्ड, ते ठेवायचा ट्रे आणि बाहेरून पाडलेली फट काढून टाकली की बरीच जागा वाचते. २०२४च्या आयपॅड प्रोचं १३ इंची मॉडेल ५.१ मिलिमीटर जाडीचं आहे, आणि त्याच्या सेल्युलर प्रकारात सिमचा ट्रेच नाही.

आता सिममध्ये असतं काय? मुख्यतः दोन गोष्टी. एक, १५ आकडी ओळख क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. दुसरी, १२८ बिटांची गुप्त किल्ली. ही किल्ली फक्त दोन ठिकाणी असते, चिपमध्ये आणि कंपनीच्या सर्व्हरवर. टॉवरला ती कधीच पाठवली जात नाही. नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवतं, चिप आपल्या किल्लीनं त्या संख्येवर गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. तिकडे कंपनीही तेच गणित करून बसलेली असते. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. १२८ बिटांत जितक्या वेगवेगळ्या किल्ल्या होऊ शकतात त्यांची संख्या ३९ अंकी आहे, त्यामुळे अंदाजानं किल्ली सापडण्याची आशा नको.

तरीही ही पद्धत एकदा फुटली होती. १९९८ साली अमेरिकेत बर्कलीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्या काळी बऱ्याच कंपन्या वापरत असलेल्या कॉम्प-१२८ या गणितात खोट आहे. सिम हातात असेल, तर त्याला सुमारे दीड लाख प्रश्न विचारून उत्तरांवरून किल्ली काढता येत होती. किल्ली मिळाली की हुबेहूब दुसरं सिम तयार. एका ओळखीच्या दोन प्रती होऊ न देणं हा सिमच्या रचनेतला सगळ्यात कडक नियम आहे, आणि ई-सिमच्या बाबतीत सामान्य माणसाला जो त्रास होतो तो बहुतेक याच नियमामुळे होतो.

कसा, ते सांगतो. आमच्या समोरचे काका-काकू मुलाकडे म्युनिकला निघाले होते. टॅब होता, ट्रॅव्हल ई-सिम ऑनलाइन घेतलं होतं, ईमेलवर क्यूआर कोड आला होता. पण ईमेल उघडला टॅबवरच. टॅबचा कॅमेरा स्वतःचाच पडदा कसा वाचणार? काकांनी खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून कोडची प्रिंट आणली. ते चांगलंच केलं, पण एवढी गरज नव्हती. काकूंच्या फोनवर कोड उघडून टॅबसमोर धरला तरी चालतं, किंवा ईमेलमध्ये कोडखाली दिलेला सर्व्हरचा पत्ता आणि ॲक्टिव्हेशन कोड हातानं भरता येतो. क्यूआरमध्ये तेवढंच लिहिलेलं असतं. एलपीए ही अक्षरं, १चा आकडा, डॉलरची खूण, सर्व्हरचा पत्ता, पुन्हा डॉलरची खूण, आणि तुमच्या प्रोफाइलचा सांकेतिक क्रमांक. म्हणजे क्यूआर कोड हे सिम नव्हे, ते कुठून उचलायचं याची चिठ्ठी.

आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल डेटा’त जाऊन काकांनी कोड स्कॅन केला (सॅमसंगच्या टॅबमध्ये हे ‘कनेक्शन्स’मधल्या ‘सिम मॅनेजर’मध्ये सापडतं). पुढच्या मिनिटभरात घरच्या वाय-फायवरून जे घडलं ते पडद्यावर दिसत नाही. टॅबमधल्या चिपनं आणि सर्व्हरनं एकमेकांची प्रमाणपत्रं तपासली. सर्व्हरनं प्रोफाइल याच एका चिपला उलगडता येईल अशा रीतीनं कुलूपबंद केलं आणि पाठवलं. वाटेत कुणी ते टिपलं तरी त्याच्या उपयोगाचं नाही. आकारानं ते एखाद्या साध्या फोटोपेक्षाही लहान असतं.

मग पडद्यावर आलं, ‘नो सर्व्हिस’. काकू घाबरल्या. “अरे, पैसे गेले की काय? काढून टाकून परत घालू का?”

नेमकं हेच करायचं नाही. प्लॅन युरोपचा आहे, चारकोपच्या टॉवरशी त्याचा करारच नाही, मग सिग्नल येणार कुठून? इथे ‘नो सर्व्हिस’ दिसणं बरोबर आहे. आणि काढून परत घालता येईलच असं नाही. प्रोफाइल चिपवर उतरलं की सर्व्हर त्यापुढे ‘दिलं’ अशी नोंद करतो. तुम्ही टॅबमधून ते पुसलंत तरी बहुतेक कंपन्यांचा तोच क्यूआर दुसऱ्यांदा चालत नाही, कारण चालला तर एका किल्लीच्या दोन प्रती होण्याची वाट मोकळी होईल. प्रोफाइल नको असेल तर बंद करून ठेवावं, पुसू नये.

याच कारणासाठी क्यूआर कोड फॅमिली ग्रुपवर टाकणं मला धोक्याचं वाटतं. “हे कसं घालायचं रे?” असं विचारत माणसं भाबडेपणानं फोटो टाकतात. जो आधी स्कॅन करील त्याच्या चिपवर ते प्रोफाइल जाईल. कोड मुलाला एकट्याला पाठवावा.

हे सगळं घरी करायचं, विमानतळावर नाही. नेट मिळवण्यासाठी लागणारं प्रोफाइल नेटवरूनच उतरवायचं असतं. परक्या विमानतळाच्या वाय-फायला लॉगिन करताना पुष्कळदा ओटीपी मागितला जातो आणि तिथेच गाडी अडते. फक्त मुदत कधीपासून मोजतात ते आधी वाचावं. काही प्लॅन प्रोफाइल उतरवल्या दिवसापासून मोजतात, काही परदेशी टॉवरला पहिल्यांदा जोडल्यापासून.

टॅब कुठला, हेही आधी पाहायला हवं. फक्त वाय-फायवाल्या टॅबमध्ये मोबाइलचा मोडेमच नसतो, त्यात ई-सिम येणार नाही. वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसही नसतं, म्हणजे परक्या गावात नकाशा पाहायला तो कमीच पडतो. मुलानं अमेरिकेतून पाठवलेला आयपॅड असेल तर तो तिकडच्या कंपनीला बांधलेला नाही ना, हे सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये ‘कॅरिअर लॉक’समोर दिसतं.

तिथे पोचल्यावर आणखी एक गोंधळ होतो. टॅबवर ‘डेटा रोमिंग’ चालू करावं लागतं, आणि आपल्याकडे रोमिंग म्हटलं की बिलाची भीती. पण ट्रॅव्हल ई-सिमचा ओळख क्रमांक पुष्कळदा तिसऱ्याच देशाचा असतो, त्यामुळे जर्मनीतही ते पाहुणंच. पैसे आधीच भरलेले असल्यानं बिल फुगत नाही. त्याची किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. समजा, त्या प्रोफाइलची मूळ कंपनी हाँगकाँगची आहे. मग म्युनिकमध्ये बसून म्युनिकच्याच वेबसाइटला विचारलेला प्रश्न आधी सुमारे ९ हजार किलोमीटरवरच्या हाँगकाँगला जाऊ शकतो, तिथून जर्मनीला येतो, आणि उत्तरही त्याच वाटेनं. एकूण ३६ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या प्रवासातच १८० मिलिसेकंद गेले. पान वाचताना ते जाणवत नाही, व्हिडिओ कॉलवर दोघं एकदम बोलायला लागतात तेव्हा जाणवतं. गुगल उघडल्यावर हाँगकाँग दिसलं तर टॅब बिघडलेला नाही, एवढं लक्षात ठेवावं. शक्य असेल तिथे ज्या देशात जायचं त्याच देशातल्या कंपनीचं ई-सिम घ्यावं, असं माझं मत आहे. भारतात परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. जानेवारी २०२४ मध्ये सरकारच्या सूचनेवरून एअरॅलो आणि होलाफ्लाय या दोन कंपन्यांची ॲप्स इथल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली, तेव्हा विकणारा अधिकृत आहे का हे पाहूनच पैसे भरावेत.

मग फोनलाच का घालू नये ई-सिम, टॅब कशाला? वयस्कर जोडप्यासाठी मला टॅबच बरा वाटतो. फोनमधल्या भारतीय सिमला हात लागत नाही, आणि बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी त्या नंबरची आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय सुरू करून घ्यावी, पण फोनचं डेटा रोमिंग बंद ठेवावं. एसएमएसला डेटा लागत नाही. टॅबवरची बहुतेक ट्रॅव्हल ई-सिमं फक्त डेटाची असतात, साधा कॉल लागत नाही, पण प्लॅनमध्ये हॉटस्पॉटला परवानगी असेल तर टॅब दोघांच्याही फोनला नेट पुरवतो आणि दोघांचं व्हॉट्सॲप आपापल्या नंबरवर चालू राहतं. २०२५च्या मे महिन्यापासून आयपॅडवरही व्हॉट्सॲप आलं आहे, ते फोनला जोडून घ्यावं लागतं. नातवंडांचा चेहरा मोठ्या पडद्यावर दिसतो, ही सोय वेगळीच.

परत आल्यावर मुदत संपलेलं प्रोफाइल पुसायची घाई करू नये. काही कंपन्या त्याच प्रोफाइलवर पुन्हा रिचार्ज देतात. दिवाळीत परत जायचं असेल तर ते बंद करून तसंच राहू द्यावं, नवा कोड स्कॅन करावा लागणार नाही.