अदृश्य कणांच्या मागावर : लेखांक ७ — पंधरा तोळे सोन्याच्या नळ्या

वायूने भरलेल्या नळीच्या मध्यावर ताणलेली तार विद्युत्भारित कणाचा माग कसा काढते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु ती नळी मुळात आणावयाची कोठून, हा प्रश्न तेथे जाणूनबुजून बाजूस ठेविला होता. शीतपेयाबरोबर मिळणाऱ्या नळीसारखीच ती दिसते, आणि इंग्रजीत तिला नावही तेच पडले आहे. तथापि खरेदीचा मसुदा करावयास बसलेल्या प्रयोगशाळेस लवकरच कळून चुकते, की हा जिन्नस तयार स्थितीत बाजारात मिळत नाही.

अडचणीचे मूळ नळीच्या भिंतीत आहे. वाटेत जितके द्रव्य लागेल तितका कण मूळ मार्गावरून ढळतो, म्हणून भिंत होईल तितकी पातळ हवी. आत वायू व बाहेर निर्वात असल्यास तिने तसूभरही गळता कामा नये. आणि तारेभोवती विद्युत्क्षेत्र उभे राहावे, म्हणून आतून धातूचा लेप हवा. सर्न येथील एनए६२ प्रयोगात अशा ७,१६८ नळ्या आहेत. प्रत्येकीची लांबी सुमारे २.१ मीटर, व्यास ९.८ मिलिमीटर, भिंत ३६ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम निम्मी, आणि आत ५० नॅनोमीटर तांबे व त्यावर २० नॅनोमीटर सोने. हिशेब मांडला तर या साऱ्या नळ्यांतील सोने पंधरा तोळ्यांच्या आसपास भरते. एवढ्या सोन्याने सुमारे साडेचारशे चौरस मीटर क्षेत्र झाकावयाचे आहे.

असा लेप तयार नळीच्या आत चढविणे दुष्कर. म्हणून आधी पॉलिएस्टरच्या सपाट पापुद्र्यावर तो चढवून मग नळी वळतात. वळण्याच्या रीती दोन. पहिली मार्विन स्टोनने १८८८ साली कागदी नळीसाठी घेतलेल्या पेटंटाच्या कुळातली : दांड्याभोवती पट्टी मळसूत्राप्रमाणे गुंडाळावयाची. फर्मिलॅबच्या म्यू२ई प्रयोगाच्या ५ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या अशाच, सहा-सहा मायक्रॉनच्या दोन पट्ट्या आणि मध्ये तीन मायक्रॉन डिंक मिळून झाल्या आहेत. दुसरी रीत रशियातील दुब्ना येथील संस्थेची : पट्टीच्या दोन कडा जुळवून त्यांची लांबट शिवण श्राव्यातीत ध्वनीने सांधावयाची. तीत डिंक नाही, दुहेरी थरही शिवणीपुरताच. एनए६२च्या नळ्या या रीतीने तेथेच घडल्या.

तेव्हा प्रयोगशाळा विकत घेते ती खरोखर नळी नव्हे. ती पापुद्रा घेते, आणि नळी वळण्याचे कसब कोठे आहे ते शोधून काढते. इतके करूनही प्रत्येक नळी गळतीच्या कसोटीस लागल्याखेरीज यंत्रात बसत नाही. ती कसोटी कशी घेतात, हे पुढील लेखांकी.