शाळेची वाट : पायी की वाहनाने?

मुलाला शाळेत पायी पाठवावे की वाहनाने, हा प्रश्न प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या प्रारंभी पालकांसमोर असतो. निर्णय घरात होतो. मात्र त्याची कारणे बहुतांशी रस्त्यावर असतात.

पहिला निकष अंतराचा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक, तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत, चालत जाण्याजोग्या अंतरावर शाळा असणे अपेक्षित आहे. दुर्गम प्रदेश, पूर, दरडींचा धोका किंवा रस्त्यांचा अभाव असल्यास ही मर्यादा कमी करण्याची तरतूदही त्यात आहे. वाट सुरक्षित आहे की नाही, हे केवळ अंतरावरून ठरत नाही, याचीच ही कबुली होय.

पालकही असाच विचार करतात. अर्ध्या किलोमीटरच्या वाटेवर महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर लहान मुलाला एकटे पाठवण्यास ते धजावत नाहीत. उलट वाट दूरची असूनही पदपथ आणि शेजारच्या मुलांची सोबत असल्यास चालत जाणे सोयीचे ठरते. पालकांच्या कामाच्या वेळा आणि बसचे शुल्क यांचाही विचार होतो.

मुलींच्या बाबतीत हा निर्णय शिक्षणाच्या मुळाशी जातो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यास प्रारंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी या योजनेमुळे ३२ टक्क्यांनी वाढली. ही वाढ मुख्यतः शाळेपासून दूर असलेल्या गावांत दिसली. प्रवासाचा वेळ आणि वाटेतील असुरक्षितता कमी झाल्याचा हा परिणाम असल्याचे अभ्यासकांचे मत आहे.

शहरांत चित्र निराळे आहे. रस्ता धोक्याचा वाटल्याने पालक मुलांना दुचाकीवरून किंवा मोटारीने सोडतात. त्यामुळे शाळेच्या प्रवेशद्वारापाशी वाहनांची गर्दी होते आणि पायी येणाऱ्या मुलांचा धोका वाढतो. साहजिकच आणखी काही पालक वाहनाकडे वळतात. एकट्यादुकट्या पालकाला हे चक्र थांबवणे शक्य नसते. त्यासाठी सलग पदपथ, रस्ता ओलांडण्याची सुरक्षित जागा आणि प्रवेशद्वारापासून काही अंतरावर वाहने थांबवण्याची व्यवस्था आवश्यक असते.

शिक्षण हक्क कायद्यान्वये शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेच्या वेळेत मुलासोबत ती वाट एकदा चालून पाहिल्यास नेमका धोका कोठे आहे, हे ध्यानात येते. तो समितीपुढे मांडल्यास एका घराची चिंता सर्व पालकांची मागणी होऊ शकते.