३०२ नग, १५० डॉलर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे निवासस्थान आहे. तेथील संग्रहात चिनी मातीच्या एका जुन्या भोजनसंचातील काही भांडी जपून ठेवलेली आहेत. शुभ्र बशी, काठाला निळी नक्षीदार किनार आणि मधोमध तुतारी फुंकणारी पंखधारी कीर्तिदेवता. तिच्या हातातील गरुडाचे पदक हे सिनसिनाटी मंडळाचे चिन्ह. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या अधिकाऱ्यांनी १७८३ साली हे मंडळ स्थापन केले आणि वॉशिंग्टन त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

या चित्राची कल्पना सॅम्युअल शॉ यांची. अमेरिकेतून चीनला गेलेले पहिले व्यापारी जहाज, ‘एम्प्रेस ऑफ चायना’, २२ फेब्रुवारी १७८४ रोजी न्यूयॉर्कहून निघाले. त्यात मुख्य माल होता जिनसेंग या औषधी मुळीचा. मालाच्या खरेदी-विक्रीचा अधिकार शॉ यांच्याकडे होता; तरंगत्या पेढीचे मुनीमच म्हणावेत. ते स्वतः सिनसिनाटी मंडळाचे सभासद. याच कँटन बंदराशी पुढे मुंबईच्या मोतीशा शेठांसारख्या जैन व्यापाऱ्यांचेही व्यवहार चालत.

कँटनला शॉ यांनी एका चित्रकाराला बोलावले. रणवीर, त्याला मार्ग दाखविणारी मिनर्व्हा देवी आणि मंडळाची कीर्ती जगाला सांगणारी कीर्तिदेवता अशा सर्व आकृती एकाच चित्रात त्यांना हव्या होत्या. नमुने मात्र सुटे सुटे दिले. चित्रकाराने प्रत्येक नमुन्याची नक्कल उत्तम केली. परंतु सर्वांची एकत्र मांडणी त्याला साधेना. त्यातल्या त्यात बरा प्रयत्न शॉ यांनी जवळ ठेवला, आणि तो पाहिला की हसू आवरत नाही असे रोजनिशीत नोंदविले. ज्याने मिनर्व्हेचे नावही कधी ऐकले नसेल, त्या कारागिराला सारा दोष देणे मात्र न्यायाचे नव्हे. अखेर एकटी कीर्तिदेवता आणि पदक एवढ्यावर सौदा मिटला.

भांडी घडत चिंग्देचन येथे. निळी किनार झिलईच्या आत, पहिल्या भट्टीपूर्वीच रंगवली जाई. मग तो माल नद्यांतून आणि मेइलिंग घाटातून हमालांच्या खांद्यावरून कँटनला येई. मधली रिकामी जागा तेथे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे झिलईवर रंगवून मंद आचेवर पुन्हा भाजत. किनारीचा माल आधीच तयार असल्याने मागणी लवकर पुरी होई. श्रावक घरांत हटकून विचारला जाणारा प्रश्न येथेही सोडवावा: ही भांडी काओलिन आणि एका विशिष्ट दगडाच्या पुडीची. हाडांची राख घातलेले ‘बोन चायना’ हे नंतरचे, आणि ते इंग्लंडचे.

१७८५ च्या ऑगस्टमध्ये चिनी माल घेऊन दुसरे एक जहाज बाल्टिमोरला लागले. मंडळाच्या चिन्हाची भांडीही विक्रीस असल्याचे वॉशिंग्टन यांना कळले. त्यांनी तेथील परिचिताला पत्र लिहिले. पण अट अशी की माल स्वस्त मिळत असेल तरच घ्यावा. तो सौदा जमला नाही. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेन्री ली या सहकाऱ्यामार्फत ३०२ नगांचा संच त्यांनी १५० डॉलरना घेतला. नगाला अर्धा डॉलरही पडला नाही. राष्ट्राचा सेनानी झाला तरी हिशेब हिशेबाच्या जागी!

वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांनी मृत्युपत्रात हा संच नातवाला दिला. नातवाच्या कन्येचा विवाह झाला रॉबर्ट ली यांच्याशी, म्हणजे सौदा जमविणाऱ्या हेन्री लींच्याच पुत्राशी. १८६१ साली यादवी युद्ध पेटले. रॉबर्ट ली दक्षिणेकडून लढावयास गेले, आणि आर्लिंग्टनच्या घरावर उत्तरेच्या सैन्याने ताबा घेतला. श्रीमती लींनी चिनी भांडी पेट्यांत भरून तळघरात ठेवली, आणि घराच्या किल्ल्या सेलिना ग्रे यांच्याकडे सोपविल्या.

सेलिना या घरच्या गुलाम दासी. ज्या कुटुंबाने त्यांना बंधनात ठेवले, त्याच कुटुंबाची ठेव त्या सांभाळीत होत्या. तळघरातील वस्तू चोरीस जात असल्याचे आढळताच त्यांनी थेट जनरल मॅकडॉवेल यांच्याकडे तक्रार नेली. काही वस्तू तोवर गेल्याच होत्या. उरलेल्या वॉशिंग्टन शहरातील पेटंट कार्यालयात हलविण्यात आल्या. त्या जप्त मालाप्रमाणे लोकांना दाखविल्या जात. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी जप्त वस्तू लींच्या ज्येष्ठ पुत्राला परत केल्या.

संच मात्र पुन्हा एका छपराखाली आला नाही. त्यातील बरीच भांडी डेलावेअरमधील विंटरथर संग्रहालयात आहेत, काही माउंट व्हर्ननला.