मराठीचा तास मुका का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वस्तीतली एक मुलगी आपल्या आईला घेऊन माझ्याकडे आली. सार्वजनिक नळावर गावातल्या एका इसमाने तिच्या आईला जातीवरून शिवीगाळ केली होती. पोलीस ठाण्यात फिर्याद देऊन झाली होती, आईचा अंगठाही झाला होता. फिर्यादीची प्रत वाचली आणि मी कपाळाला हात लावला. "पाणी भरण्याच्या कारणावरून बाचाबाची होऊन शिवीगाळ केली," एवढाच मजकूर. जातीचा उल्लेख कोणत्या शब्दांत केला, त्या वेळी नळावर कोण कोण हजर होते, यातले काहीही नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली हा गुन्हा उभा राहायचा, तर अपमान जातीवरून झाला आणि तो लोकांच्या नजरेसमोर झाला, हे फिर्यादीत यावेच लागते. मी मुलीला विचारले, "वाचून दाखवली होती ना?" ती म्हणाली, "दाखवली ना सर. पण साहेबांना मधीच कसं बोलायचं?"

पुढे पुरवणी जबाब नोंदवला. परंतु कोर्टात आरोपीच्या वकिलाने पहिला प्रश्न हाच केला, की एवढी महत्त्वाची गोष्ट मूळ फिर्यादीत का नाही? आरोपी सुटला.

ही मुलगी निरक्षर नव्हती. दहावी पास होती. मराठीत तिला १०० पैकी ७८ गुण होते. समास, अलंकार, वृत्ते तिला येत होती. पण आपल्या आईवर गुदरलेला प्रसंग क्रमाने सांगणे, दुसऱ्याने लिहिलेले लक्ष देऊन ऐकणे, त्यात काय राहून गेले ते ओळखणे आणि "साहेब, हे असे नाही, असे लिहा," असे म्हणणे, हे दहा वर्षांच्या मराठीच्या तासांत तिला कोणी शिकवलेच नव्हते.

तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घ्यावी, देणाऱ्याला वाचून दाखवावी, सही घ्यावी आणि प्रत मोफत द्यावी, अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही ती आहे. म्हणजे ऐकण्याचा हक्क कायद्याने दिला. ऐकून हरकत घेण्याची सवय मात्र कायदा देऊ शकत नाही. ती शाळेनेच द्यायची असते.

आज 'कम्युनिकेशन स्किल' हा शब्द फार ऐकू येतो. चौकाचौकात त्याचे क्लास आहेत. फी भरा, टाय बांधा, चार इंग्रजी वाक्ये घोका आणि मुलाखतीला जा. पण संवाद कौशल्य ही काही विकत घेण्याची चीज नव्हे. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन ही भाषेची चार कौशल्ये डी.एड.च्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक शिक्षक पाठ करतो. वर्गात मात्र शिक्षक बोलतो, मुले लिहून घेतात. चारांपैकी दोन कौशल्ये दाराबाहेरच राहतात.

दहावीच्या भाषा विषयांचे उदाहरण घ्या. श्रवण आणि भाषण यांची तोंडी परीक्षा २० गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनात होती. शाळा हे गुण सढळ हाताने वाटतात, अशी ओरड झाली आणि ते गुण बंद केले गेले. मार्च २०१९ च्या परीक्षेत राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षापासून ते २० गुण परत आले. या सगळ्या चर्चेत टक्केवारी होती, अकरावीचे प्रवेश होते, इतर बोर्डांशी तुलना होती. ज्या २० गुणांसाठी एवढे भांडण झाले, त्यांत मूल खरोखर उभे राहून बोलते का, हा प्रश्न किती जणांनी विचारला? गुण गेले तेव्हा मूल मुके होते. गुण परत आले तेव्हाही ते मुकेच राहिले.

प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिकाही आली. तीत 'स्वमत' नावाचा प्रश्न असतो. पाठ वाचून तुला काय वाटते ते लिही, असा त्याचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण बाजारात लगेच गाइडे आली आणि स्वतःचे मतसुद्धा छापील मिळू लागले. स्वतःचे मत दुसऱ्याच्या पुस्तकातून पाठ करणारा विद्यार्थी उद्या आपले मत कोणाच्या सांगण्यावरून देईल, हे निराळे सांगायला नको.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या २५ टक्के आरक्षणाची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. परंतु त्याच कायद्याच्या कलम २९ कडे आपल्या कार्यकर्त्यांचेही लक्ष नाही. पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसे असावे हे ते कलम सांगते. मुलाला भीती, धसका आणि चिंता यांपासून मुक्त करणे व त्याला आपली मते मोकळेपणाने मांडायला मदत करणे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. याचा अर्थ, वर्गात बोलणे ही गुरुजींची मेहेरबानी नाही. तो संसदेने केलेल्या कायद्याचा भाग आहे. गणवेश मिळाला नाही तर आपण मुख्याध्यापकाकडे जातो. मूल वर्गात वर्षभर एक शब्द बोलले नाही म्हणून कोणी गेला आहे काय?

मूल बोलत का नाही, याचे एक कारण मी स्वतः अनुभवले आहे. पाचवीत असताना उत्तर देताना मी 'पानी' म्हणालो. गुरुजींनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला आणि प्रत्येक वेळी वर्ग हसला. त्यानंतर त्या वर्षात मी हात वर केला नाही. उत्तर बरोबर होते, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. प्रमाणभाषा आपल्या मुलांना आलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. अर्ज, परीक्षा, कोर्ट तिच्यातच चालतात. पण आधी बोलू द्या, मग सुधारा. भगवान बुद्धांचे वचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी दोन भिक्खूंनी मागितली तेव्हा बुद्धांनी ती नाकारली, ही हकीकत विनयपिटकात चुल्लवग्गात आहे. माणसाला कळेल त्या बोलीत बोलणे हा कमीपणा नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झालेले आहे.

साहित्याच्या तासाचेही तेच. धडा म्हणजे कठीण शब्दांचे अर्थ आणि पाच प्रश्नांची उत्तरे, असे समीकरण झाले आहे. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्याच नावाच्या कथेतला तरुण परक्या गावात जात लपवून राहतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. नववी-दहावीच्या वर्गात ही कथा वाचून दाखवा आणि वर्गाचे दोन भाग करा. त्याने जात लपवली हे बरोबर, असे एकाने मांडायचे. चूक, असे दुसऱ्याने. नियम दोनच. पहिला, प्रत्येक मुद्द्याला कथेतला पुरावा द्यायचा. दुसरा, समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आधी सांगायचे आणि मगच खोडायचे. आम्ही वकील कोर्टात याहून वेगळे काय करतो? आडनाव सांगताना आवाज खाली जाणारी मुले त्या वर्गात असतातच. त्यांना या चर्चेत जे सापडेल ते कोणत्याही गाइडात नाही.

हे शाळेत होऊ शकते याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने केला. महार-मांग बायांच्या बाळंतपणातले हाल तिने मांडले. तो शाळकरी मुलीचा निबंध होता. आज त्याच वयाच्या मुली 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ करतात, आणि तोही दुसऱ्याच कोणाच्या पावसाळ्यातला.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. १४ एप्रिलला आपल्या विहारांत मुलांच्या भाषणांची स्पर्धा असते. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो" इथपासून शेवटच्या घोषणेपर्यंत सगळे पाठ केलेले. मध्ये शब्द विसरला की मूल रडते, कारण त्याच्याजवळ स्वतःचे वाक्यच नसते. ज्या महामानवाने आयुष्यभर प्रश्न विचारले, त्याच्या जयंतीला आपण पोपट उभे करतो. परीक्षकांनी प्रत्येक मुलाला भाषणानंतर फक्त एक साधा प्रश्न विचारावा आणि निम्मे गुण त्या उत्तराला ठेवावेत. स्पर्धेचे रूप एका वर्षात बदलेल.

रविवारच्या वर्गात यासाठी पैसा लागत नाही. एका मुलाने काल घडलेला प्रसंग सांगावा. कधी, कुठे, कोण हजर होते, कोण काय म्हणाले. दुसऱ्याने तो लिहून घ्यावा व वाचून दाखवावा. पहिल्याने चुका सांगून लिहिणाऱ्याकडून दुरुस्त करून घ्याव्यात. मोठ्या मुलांनी वस्तीतल्या नळाचा, गटाराचा खराखुरा अर्ज लिहावा, ग्रामपंचायतीत नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत माहिती मिळण्याचा हक्क देणारा माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. त्याचा अर्ज हाही मराठीचाच धडा आहे. जे शिक्षक बंधू-भगिनी हा लेख वाचत असतील, त्यांनी हाच प्रयोग आपल्या वर्गात आठवड्यातून एक तास करावा. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कलम २९ चा विषय मांडावा.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा समाजाला मुके ठेवणारी व्यवस्था उघड दिसत होती. आज शाळेची दारे खुली आहेत, हजेरीपटावर आपल्या मुलांची नावे आहेत, गुणही आहेत. तरीही ठाण्यातल्या टेबलासमोर आपली दहावी पास मुलगी गप्प राहते. पुढच्या वेळी फिर्याद वाचून दाखवली जाईल, तेव्हा तिला "थांबा साहेब" एवढे म्हणता आले पाहिजे. मराठीचा तास त्यासाठी आहे.