अक्षराच्या आधीचे बीजगणित

उधना, लिंबायत, डिंडोली या सुरतेच्या भागांत खानदेशातून येऊन यंत्रमाग व कापड व्यवसायात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असून, सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. गुजरातेत प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंत मानले जात असल्यामुळे पहिलीतली बेरीज आणि सहावीतले बीजगणित एकाच प्राथमिक टप्प्यात येतात. तरीही सहावीतला ‘क्ष’ हा अचानक उपटलेला पाहुणा आहे, अशी समजूत घरोघर आढळते, आणि ती चुकीची आहे.

बीजगणिताची पहिली अडचण अक्षर ही नसून बरोबरचे चिन्ह ही आहे. 8 + 4 = □ + 5 या चौकटीत 7 यायला हवेत; परंतु अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेक मुलांनी 12 किंवा 17 लिहिले, कारण त्यांच्या लेखी ते चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असा हुकूम होता. वहीत 5 + 3 = 8 + 2 = 10 अशी साखळी लिहिणारे मूल हीच चूक करते. दोन्ही बाजूंचे मोल सारखे, हा अर्थ रुजला की 37 + 28 = 38 + □ यात बेरीज न करताच 27 सांगता येतात; संख्यांमधील संबंध पाहण्याच्या या सवयीला संबंधात्मक विचार म्हणतात.

दुसरी पायरी सामान्यीकरणाची, म्हणजे अनेक उदाहरणांतून सर्वांना लागू पडणारा नियम काढण्याची. काड्यांचे चौकोन एकमेकांना जोडून ओळीत मांडल्यास 4, 7, 10 काड्या लागतात. ‘दर वेळी तीन वाढतात’ हे दुसरीतले मूलही सांगते. पण शंभराव्या चौकोनापर्यंत किती, असे विचारल्यावर शंभर त्रिके आणि सुरुवातीची एक, म्हणजे 301, असे ज्याला सुचते त्याने बीजगणित केलेलेच असते, n चौकोनांसाठी 3n + 1 हे लेखन तेवढे उरते. उधन्यातील घरी साडीला लेस लावण्याचे समजा नगाला 15 रुपये मिळत असतील, तर ‘साड्या कितीही असोत, पंधराने गुणा’ हा हिशेबही त्याच जातीचा.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी मराठी व इंग्रजी माध्यमाच्या सहावीच्या मुलांबरोबर केलेल्या कामात हाच धागा पकडला. 5 + 3 × 2 सारख्या राशीतील पदे, म्हणजे अधिक-उण्याने वेगळे होणारे भाग, मुलांना आधी ओळखायला लावून मगच अक्षरांकडे नेले, की नियम पाठ करण्याऐवजी रचना दिसू लागते.

खानदेशाला हा विषय परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती मिळते, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांतही अंकगणिताची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ शेजारी शेजारी आहेत, आणि अव्यक्त, म्हणजे अज्ञात, राशींना तेथे काळा, निळा, पिवळा अशा रंगांची नावे आहेत.

पालकांनी सहावीची वाट पाहू नये; मूल दुसरीत असतानाच 5 + 7 = □ याच्या जोडीला 12 = □ + 5 हेही वहीत मांडून द्यावे.